डाव्या पाटीचा दोष

माणसं चेहऱ्यावरून ओळखायची माझी सवय सुटली ती सुटलीच. नोकरीची शेवटची नऊ वर्षं मी पनवेलजवळच्या एका फिजिओथेरपी कॉलेजात पायांचा दाब मोजणारं यंत्र सांभाळलं, आणि त्या काळात माझी बहुतेक ओळखदेख तळपायांशीच झाली. उरण नाक्यावर एखादा हसून समोर यायचा, 'काका, ओळखलं का?' म्हणायचा, आणि मी त्याच्या बुटांकडे बघत राहायचो. बूट काढा म्हणजे सांगतो, असं भर रस्त्यात म्हणता येत नाही.

या अंकासाठी लिहा, असं संपादकबाई म्हणाल्या तेव्हा मी टाळाटाळ केली. डॉक्टर लिहितात, वकील लिहितात. यंत्राची धूळ पुसणाऱ्या तंत्रज्ञाने काय लिहायचं? पण एक गोष्ट गेली काही वर्षं मनात रुतून बसली आहे. ती सांगून टाकावी म्हणतो. तिच्यात माझी फुशारकी आहे आणि माझीच फजितीही.

आधी यंत्र समजून घ्या, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. जमिनीत बसवलेल्या दोन काळ्या पाट्या, शेजारी शेजारी. डावा पाय डाव्या पाटीवर, उजवा उजव्या पाटीवर. पाट्यांच्या पोटात दाब कळणारे शेकडो बारीक ठिपके. तुम्ही अनवाणी उभे राहिलात की समोरच्या पडद्यावर तुमच्या पावलांचा नकाशा उमटतो. जिथे भार जास्त तिथे लाल, मग पिवळा, हिरवा, आणि जिथे पाऊल जेमतेम टेकलंय तिथे निळा. टाच लाल, चवड्याखाली लाल, मधली कमान मोकळी, हे झालं सर्वसाधारण पाऊल. खाली दोन आकडे येतात. डाव्यावर किती भार, उजव्यावर किती. मधुमेहाच्या रुग्णाला कुठे जखम होईल ते आधी कळतं, गुडघा बदललेला माणूस नव्या पायावर विश्वास टाकतोय की नाही तेही कळतं.

खोली तळमजल्याच्या टोकाला होती. जमीन अगदी सपाट हवी म्हणून तिथे. खिडकी नव्हती. दाराबाहेर पोरापोरींचा गलका चालायचा आणि आत मी, पाट्या आणि पंखा. रुग्ण आला की, 'चप्पल काढा, समोर भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघा, हात सैल, हलू नका.' तीस सेकंद. मग, 'झालं, चप्पल घाला.' दिवसात एवढीच वाक्यं मी पुन्हा पुन्हा बोलायचो. एखाद्या दिवशी घरी गेल्यावर लक्षात यायचं की याखेरीज आज आपण काहीच बोललेलो नाही.

नाना तऱ्हेची माणसं यायची. एक म्हातारी पडद्यावर स्वतःची पावलं उमटलेली बघून हात जोडून उभी राहिली. पादुका वाटल्या तिला. 'आजी, तुमचेच पाय आहेत,' म्हटल्यावर लाजली आणि इतकी हसली की मापन तीन वेळा करावं लागलं. खारघरच्या टॉवरमधून एक बडे साहेब यायचे. त्यांना दोन्ही पायांवर अगदी सारखा भार पाहिजे असायचा, जसा काही ताळेबंद जुळवायचाय. पाव किलोचा फरक दिसला तरी म्हणायचे, 'पुन्हा घ्या.' मी त्यांना सांगायचो, 'साहेब, देवळातली मूर्तीच तेवढी सारखी उभी राहते.'

आणि शिरढोणचा एक तरुण. पोलीस भरतीची तयारी करत होता. पळण्यात पहिला, पण कोणीतरी सांगितलेलं की सपाट पाय असला की वैद्यकीय तपासणीत काढून टाकतात. पाऊल उमटलं ते सबंध, कमानीचा पत्ता नाही. तो हळूच म्हणाला, "काका, तो मधला रंग जरा कमी करता यंल का? निस्ता कागदावर. कुनाला कलनार नाय."

मी ताठ मानेने म्हणालो, "यंत्र खोटं बोलत नाही, बाळा."

त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि गेला. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. माझं ते वाक्य मात्र पुढे मलाच ऐकवायला परत आलं.

आता माझ्या फुशारकीकडे येतो. असल्या यंत्राचा काटा अधूनमधून तपासावा लागतो. आमच्याकडे त्यासाठी वीस वीस किलोची दोन लोखंडी वजनं होती. दोन्ही पाट्यांवर एकेक ठेवायचं, आकडे सारखे आले की यंत्र ठीक. ही वजनं एका वार्षिक तपासणीच्या वेळी व्यायामशाळेवाल्यांनी 'दोन दिवसांसाठी' नेली आणि तिकडेच रमली. मी दोनदा मागितली, तिसऱ्यांदा मागायचा कंटाळा केला. आणि एक सोपी युक्ती काढली. रोज सकाळी पहिला माणूस यायच्या आधी मी स्वतःच पाट्यांवर उभा राहायचो. माझे पाय कसे आहेत ते मला ठाऊक होतं. दोन्हीकडे जवळजवळ सारखा भार, थोडा हातचा उजवीकडे. रोज तोच आकडा. मुलं गमतीने म्हणायची, 'राऊत काकांचे पाय म्हणजे आमचं स्टँडर्ड.' मी वरवर 'चला, अभ्यास करा' म्हणायचो, पण आतून फुगायचो. बायकोला घरी सांगितलं तेव्हा सुनंदा म्हणाली, "स्टँडर्ड कसलं! घरात चप्पल फरफटवत चालता ते बघायला बोलवा म्हणावं त्या पोरांना. अहो, पाय उचला!"

'अहो, पाय उचला' हे तिचं रोजचं पालुपद होतं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून. मी पाय घासून चालतो आणि त्या आवाजाने तिचं डोकं उठतं, अशी तिची तक्रार. नवीन पनवेलच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर दार उघडून ती उभी असायची आणि मी दुसऱ्या मजल्यावर असताना वरून आवाज यायचा, "अहो, पाय उचला!" शेजारी हसायचे.

यंत्र आलं त्याच्या तिसऱ्या वर्षी ती गेली. आजारपण लांबलं नाही, एवढंच त्यातलं बरं. मुलगा बंगळुरूला असतो, दर रविवारी फोन करतो. तब्येत कशी विचारतो, मी बरी म्हणतो. खोटं बोलत नव्हतो. मला तसंच वाटायचं. आणि फोनवरून पाय दिसत नाहीत.

ती गेल्यानंतर चारेक वर्षांनी केतकी माझ्या खोलीत आली. पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, चष्मा, कायम घाईत, डब्यातली पोळी चालता चालता खाणारी. तिच्या प्रबंधाचा विषय असा, की निरोगी माणसाच्या मणक्यावर मॅनिप्युलेशन केलं तर त्याच्या पायांखालच्या दाबात काही फरक पडतो का.

मॅनिप्युलेशन म्हणजे काय ते सांगतो, घाबरू नका. माणसाला कुशीवर झोपवायचं, वरचा पाय दुमडायचा, खांदा मागे आणि कंबर पुढे असा पीळ द्यायचा, आणि सांध्याची हालचाल जिथे संपते तिथे एक लहानसा झटका. 'कट्' आवाज येतो. लोकांना वाटतं हाड जागेवर बसलं. तसं नसतं, सांध्यातल्या द्रवात बुडबुडा होतो त्याचा तो आवाज. तो ऐकून माणूस मात्र असा खूश होतो, की अर्धं दुखणं तिथेच पळतं. म्हणूनच केतकीला निरोगी माणसं हवी होती. दुखणाऱ्या माणसाचं दुखणं गेलं की तो वेगळा उभा राहणारच. ज्याचं काही दुखतच नाही त्याच्या पायाखाली काही बदलतं का, हा खरा प्रश्न.

आणि निरोगी माणूस मिळणं हेच मुळात कठीण. केतकीने सूचनाफलकावर कागद लावला, 'निरोगी प्रौढ व्यक्ती हव्यात.' जो यायचा तो म्हणायचा, 'मी एकदम फिट आहे, फक्त कंबर धरते.' दुसरा म्हणायचा, 'मला काही नाही, पण आलोच आहे तर मान बघता का?' कसेबसे गोळा झाले. कॉलेजची पोरं, खारघरचे काही नोकरदार, कँटीनचे दोघे. एकदम नाही, दोनतीन महिन्यांत थोडे थोडे येत गेले. प्रत्येकाचं मापन तीनदा घ्यायचं. झटक्याआधी, झटक्यानंतर लगेच, आणि दर आठवड्याला एक असे सहा झटके झाल्यावर पुन्हा एकदा.

फाटकाबाहेर ताराबाय बसायची. उरणजवळच्या मोऱ्याची कोळीण. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, एसटीने पनवेलला यायची, आणि बाजारात बसून उरलेलं दुपारी कॉलेजच्या फाटकाशी घेऊन बसायची. प्राध्यापिकाबाई घरी जाताना तिच्याकडून घ्यायच्या. साठीची असेल, ताठ कण्याची. फलकाचं कोणीतरी तिला सांगितलं, तर थेट आत आली.

"निरोगी मानूस पायजे ना? मी हाय."

केतकीने वयाची अट समजावली. अभ्यासात चाळिशीपर्यंतचेच घ्यायचे होते. ताराबाय म्हणाली, "मंग निस्तं उभी तरी रातो. बगू दे माजं पाय." उभी राहिली. काय सुंदर पावलं उमटली! रुंद, पसरलेली बोटं, दोन्हीकडे भार तंतोतंत सारखा. आयुष्यभर डोक्यावर टोपली तोलल्याचा तो गुण. केतकी म्हणाली, "काका, तुमचं स्टँडर्ड गेलं."

मी हसलो, पण मला ते थोडं लागलंच. कारण त्या सुमारास माझा सकाळचा आकडा बिघडायला लागला होता.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा डाव्या पाटीवर अगदी किंचित कमी. वाटलं, झोप नीट झाली नसेल. पुढच्या आठवड्यात आणखी कमी. डावं पाऊल पडद्यावर फिकट. मी ठरवलं, डावी पाटी कमजोर पडली. ठिपके जुने होतात, दमट हवेने सांधे गंजतात, हे होतंच. दुरुस्तीवाल्याला बोलवायचं तर अर्ज, सही, आणखी सही, आणि तोवर केतकीचं काम बंद. तिला मुदतीत प्रबंध द्यायचा होता, पुण्याच्या एका इस्पितळात नोकरी कबूल झाली होती. संगणकात प्रत्येक पाटीचा जोर थोडा कमीजास्त करायची सोय असते. मी डावीचा जोर केसभर वाढवला. माझे आकडे पुन्हा सारखे आले. मी समाधानाने हात झटकले.

दर पंधरा दिवसांनी मी ते केसभर वाढवत राहिलो. कोणाला विचारलं नाही, वहीत नोंद केली नाही. माझ्या पायांवर माझा इतका विश्वास.

महिने गेले. एके दिवशी केतकी धावतच आली, डोळे चमकत होते. "काका, रिझल्ट आलाय! झटक्यानंतर लगेच काही नाही. पण सहा आठवड्यांनंतर सगळ्यांचा भार डावीकडे सरकलाय. जवळजवळ सगळ्यांचा! हळूहळू साठत जाणारा परिणाम आहे हा!" तिचे मार्गदर्शक सर तर हवेतच होते. परिषदेत निबंध वाचायचा, परदेशी पाठवायचा. सगळ्यांसाठी पेढे आले. मलाही दोन मिळाले. माझ्या यंत्राने काहीतरी नवं शोधलं म्हणून मीही खूश होतो. सगळ्यांचा भार डावीकडेच का सरकावा, उजवीकडे एकाचाही का नाही, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याने विचारलं नाही. अभ्यासात मागून आलेल्यांचं तर पहिलंच मापन डावीकडे झुकलेलं होतं. तेही कोणाला दिसलं नाही. पेढा तोंडात असला की डोळे मिटतात.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी फाटकाबाहेर पडलो. ताराबाय टोपलीपाशी जमिनीवर बसली होती, मान खाली, बोंबील निवडत. तिने वर बघितलंच नाही.

"मास्तर, कवापासून हाय ह्यो?"

"काय?"

"डावा पाय घासतंय तुमचा. आदी दोनी घासायचं, सप सप. आता उजवा नीट उचलतंय न् डावाच घासतंय. दोन म्हयनं ऐकतंय मी. म्हटला मास्तरना म्हाईत असंल."

मी म्हणालो, मला काही झालेलं नाही, सवयच आहे माझी पाय घासायची.

तिने पहिल्यांदा मान वर केली. "चप्पल बगा की. डावीचा पुरचा कोपरा पार गेलाय. उजवी नवी हाय. मी बसतंय खाली, मना पायच दिसतान लोकांचं. घरात कुनी बोललं नाय तुमाला?"

घरात कोण बोलणार? तेवढंच मनात आलं. अर्धा किलो बोंबील घेतले, खरं तर मला एकट्याला ते संपत नाहीत. परत आत गेलो. खोलीत जाऊन दार लावून घेतलं, चपला उताण्या ठेवल्या आणि बघितल्या. ताराबाय खरं बोलत होती.

मग यंत्र सुरू केलं. रोजच्यासारखा उभा राहिलो. आकडे सारखे. आणि तिथे, भिंतीवरच्या त्या ठिपक्याकडे बघता बघता मला जे सुचलं ते कोणत्याही शाळकरी पोराला पहिल्या दिवशी सुचलं असतं. दोष पाटीचा असेल तर तो पाटीपाशी राहील. दोष माणसाचा असेल तर माणसाबरोबर फिरेल. मी पाठ फिरवली. भिंतीकडे पाठ, दाराकडे तोंड. आता माझा डावा पाय उजव्या पाटीवर होता. मान वळवून पडद्याकडे बघितलं.

डावं पाऊल नुसतं निळं. उजवं लालभडक.

पाटी ठणठणीत होती. मी बिघडलो होतो. आणि मी यंत्राला माझ्यासारखं करत नेलं होतं.

आधी पायाचं काही वाटलंच नाही, शरम वाटली. ज्या यंत्राने खोटं बोलू नये म्हणून एका पोराला मी तोऱ्यात परत पाठवलं, त्याला मीच दर पंधरा दिवसांनी खोटं बोलायला शिकवत होतो. केतकीचा शोध म्हणजे दुसरं तिसरं काही नव्हतं. तीसेक निरोगी माणसं माझ्या आजारी पायाच्या मापाने मोजली गेली होती. मग हळूहळू दुसरं मनात आलं, आणि ते जास्त लागलं. सुनंदा असती तर पहिल्याच दिवशी ओरडली असती. दुसऱ्या मजल्यावरच तिला आवाजातला फरक कळला असता. सकाळी उठून चहा केला, कपडे वाळत घातले, चार जिने उतरून बस पकडली, परत आलो, असं मी कितीतरी दिवस लंगडत होतो आणि माझ्या आसपास एकही माणूस नव्हता ज्याला ते दिसावं. एवढं महागाचं यंत्र रोज मला सांगत होतं. मी त्याचंच तोंड बंद करत होतो.

पुढचे दोन दिवस सुट्टीचे होते. घरात बसून मी मनाशी वकिली केली. कोणाला कळणार आहे? वहीत नोंद नाही. निवृत्तीला दीड वर्ष. पोरीची पुण्याची नोकरी जाईल ती माझ्या सांगण्याने. गप्प बसणं हीच तिच्यावर दया नाही का? रविवारी मुलाचा फोन आला. त्याला सांगावंसं वाटलं, पण तो म्हणाला, 'बाबा, आत्ता गाडी चालवतोय, बोला ना पटकन,' आणि पटकन सांगण्यासारखं ते नव्हतं. तो शिरढोणचा पोरगा तेवढा डोळ्यांसमोरून हलेना. कागदाची घडी त्याने कडेला कड जुळवून घातली होती.

सोमवारी केतकी आल्याबरोबर तिला सगळं सांगितलं. आधी सरळ उभा राहून दाखवलं, मग उलटा उभा राहून. तिला समजायला एवढं पुरलं, हुशार पोरगी. चेहरा पांढराफटक.

"किती वेळा बदललंत?"

"नक्की आठवत नाही. पंधरा दिवसांनी एकदा."

"लिहून नाही ठेवलंत?"

"नाही."

"काका, मला एक शब्द विचारायचात ना! एक शब्द!" तिचा आवाज फाटला. "हा डेटा आता दुरुस्तही नाही करता येणार. कळतंय का तुम्हाला? सगळं पुन्हा. सगळं!"

मला कळत होतं. मी माफी मागितली, ती तिने ऐकली असं वाटत नाही. दार आपटून बाहेर गेली. मी पाट्या पुसत बसलो, स्वच्छच होत्या तरी.

अर्ध्या तासाने दार उघडलं. डोळे सुजलेले, हातात डॉक्टर गुडघ्यावर मारतात तो रबरी डोक्याचा लहान हातोडा. "बसा खुर्चीवर," म्हणाली. "चप्पल काढा."

मी म्हटलं, "अगं, राहू दे ते."

"बसा म्हणते ना!"

माझी रोजची वाक्यं ती मला म्हणत होती. ती खाली बसली, माझं डावं पाऊल तिने हातात घेतलं, हातोडा मारला, बोटांनी दाबून विचारलं, 'इथे कळतंय? इथे? आता पाऊल वर ओढा माझ्या हाताविरुद्ध.' मी ओढलं. येईना. उजवं आलं, डावं येईना. पाच वर्षांत माझ्या पायाला कोणाचा हात लागला नव्हता. मी हजारो पायांना 'हलू नका' म्हणालो होतो, आणि आता माझा हलत नव्हता, आणि मी तिच्यासमोर रडलो. तिने वर बघितलं नाही. "कमरेत नस दबलीय," एवढंच म्हणाली. "दुखत नाही म्हणून तुम्हाला कळलं नाही. उद्या एमआरआय. मी चिठ्ठी आणते."

तिचं निदान बरोबर निघालं. गंमत बघा, त्या इमारतीत दिवसाला पन्नास पाठी तपासल्या जात होत्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. मार्गदर्शक सरांनी मला बोलावून जे सुनावलं ते रास्तच होतं. कॉलेजने लेखी समज दिली. व्यायामशाळेत जाऊन मी ती दोन लोखंडी वजनं स्वतः उचलून आणली, डावा पाय घासत, वाटेत तीनदा टेकून. केतकीने मुदत वाढवून मागितली आणि नवी माणसं गोळा करून पहिल्यापासून सुरुवात केली. पुण्याची नोकरी थांबली नाही, दुसऱ्याला गेली. ते सहा महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली. 'काका, तयार?' 'तयार.' 'झालं?' 'झालं.' तिचं बरोबर होतं. पण ज्या खोलीत मी आधीच एकटा होतो तिथे आता दोघं जण एकेकटे होतो.

शेवटी निष्कर्ष काय निघाला विचाराल तर, फरक आढळला नाही. निरोगी माणूस सकाळी आणि दुपारी जेवढा वेगळा उभा राहतो, झटक्याआधी आणि झटक्यानंतर तेवढाच. परिषद नाही, पेढे नाहीत. केतकी पास झाली आणि नाशिककडे निघून गेली. जाताना दारात येऊन म्हणाली, "व्यायाम सोडू नका," आणि गेली. पुन्हा भेट नाही.

मी निवृत्त झालो. पाय बराच सुधारला, पूर्ण नाही. ताराबाय आता येत नाही, तिच्या जागी सून बसते. ती माणसाच्या तोंडाकडे बघून भाव सांगते.

केतकीचा प्रबंध कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, लाल पुठ्ठ्याचा. मी वर्षातून एकदोनदा जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा ऋणनिर्देशाचं पान आधी उघडलं. आईवडील, सर, मैत्रिणी, सहभागी झालेले सगळे निरोगी लोक. माझं नाव नव्हतं. असावं असं मी काही केलंही नव्हतं. पुस्तक मिटणार तेवढ्यात पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य दिसलं. इंग्रजीत आहे, अर्थ असा, की प्रत्येक मापनाआधी दोन्ही पाट्यांवर समान वजनं ठेवली, मग त्या वजनांची अदलाबदल केली, आणि त्यानंतरच यंत्र बरोबर मानलं. तिच्या आधीच्या कोणाच्या प्रबंधात असं वाक्य नाही, मी शोधलंय. नंतरच्या सगळ्यांमध्ये आहे, एकमेकांचं बघून उतरवलेलं. ते वाक्य माझं आहे. त्या नऊ वर्षांत मी मागे ठेवलेलं तेवढंच.

ग्रंथालयातून घरी येतो. चार जिने. दुसऱ्या मजल्यापर्यंत ठीक असतं, मग डावा पाय दमतो आणि पायरीला घासायला लागतो. आता तो आवाज मला ऐकू येतो. जिन्यात कोणी नसतं, वर दार बंद असतं. तेव्हा थांबतो, कठडा धरतो, आणि मोठ्याने म्हणतो, "अहो, पाय उचला!"

आणि उचलतो.